दाखला कोणी द्यायचा?

एकवीस हजार रुपये हा आकडा आपल्या कारभारात दोन ठिकाणी भेटतो. नगरच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत कामाला असणाऱ्या कामगाराचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर तो कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. पुरेशी वर्गणी भरलेली असताना त्याची नोकरी गेली, तर २०१८ पासून सुरू असलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून त्याला सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम मिळू शकते. तीही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. दुसरीकडे पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यातली एखादी विधवा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरते, तेव्हा तिच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. एकाच्या महिन्याची मर्यादा ती दुसरीच्या सबंध कुटुंबाच्या वर्षाची मर्यादा.

हे दोन नियम वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या काळात केले, त्यामुळे हा योगायोग आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण योगायोगाने उघडे पडलेले चित्र खोटे ठरत नाही. संघटित कामगाराची बेकारी आपण वर्गणीवरून ओळखतो. असंघटित माणसाची ओळखायची झाली की त्याच्याकडून गरिबीचा पुरावा मागतो. हा पुरावा मागण्याची पद्धतच मुळात चुकीच्या माणसाला प्रश्न विचारते, असे माझे म्हणणे आहे. महाराष्ट्राने पन्नासेक वर्षांपूर्वी याला एक पर्याय शोधला होता. त्यात परीक्षा गरिबाची नव्हती, सरकारची होती. तो पर्याय रद्द करावा लागला नाही, त्याची धार काढून घेतली गेली.

आधी हिशेब पाहू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने ६७ दिवस काम केले की २०,९०४ रुपये होतात. अडुसष्टाव्या दिवशी कुटुंब २१,००० ची रेघ ओलांडते. मनरेगा कायद्याने तर कुटुंबाला १०० दिवसांची हमी दिली होती, म्हणजे पूर्ण माप भरले तर ३१,२०० रुपये. याचा अर्थ, सरकारने स्वतःची एक हमी प्रामाणिकपणे पाळली की ते कुटुंब त्याच सरकारच्या दुसऱ्या मदतीला अपात्र ठरते. विधवा आईचा मुलगा रोजगार हमीच्या कामावर गेला, तर आईचे महिन्याचे १,५०० रुपये धोक्यात. २०११ मध्ये मजुरीचा दर १२७ रुपये होता, तेव्हा २१,००० रुपये कमवायला १६६ दिवस लागत. पुढे मजुरी वाढत गेली आणि रेघ जागेवर राहिली, त्यामुळे निराधार ठरण्यासाठी दरवर्षी आणखी थोडे गरीब असावे लागते.

मग प्रत्यक्षात काय होते, हे तहसील कचेरीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. दाखल्यावर २१,००० च्या आतलाच आकडा येतो. अर्जदार तसे स्वयंघोषणापत्र देतो, तलाठी तसा अहवाल देतो, तहसीलदारांची सही होते. हा आकडा खरा नाही हे तिघांनाही ठाऊक असते आणि तिघांचाही इलाज चालत नाही, कारण खरा आकडा लिहिला तर खरोखर गरजू बाई वगळली जाईल. असे खोटे सर्वांच्या संमतीने चालते तेव्हा त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. कागदावर खोटे लिहिणारी बाई कायम कोणाच्या तरी मेहरबानीत राहते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ती विरोधात गेली, तर ‘हिच्या घरात मोटारसायकल आहे’ असा अर्ज करायला एक माणूस पुरतो. उत्पन्नाची अट गरिबाला जितकी गाळते, त्याहून जास्त त्याला अंकित ठेवते.

आणि मोजायचे तरी कोणते उत्पन्न? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणारे एक जोडपे घ्या. मुकादमाकडून ते हंगामाआधी उचल घेते, दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडते आणि चार-पाच महिने फडात राबून ती उचल फेडते. ऊस लवकर संपला, बायको आजारी पडली, खाडे झाले, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. त्या कुटुंबाच्या हातात एकदम मोठी रक्कम येते ती कर्जाची असते, आणि ज्या महिन्यांत ते कमावत असते तेव्हा हातात जवळजवळ काही येत नाही. एप्रिलनंतर गावी परतल्यावर पाऊस पडेपर्यंत ते बेकार असते. या कुटुंबाचे ‘वार्षिक उत्पन्न’ काय लिहाल? उचल धरली तर ते सधन, फेड धरली तर कफल्लक. नोकरदाराच्या पगारपत्रकावरून घडवलेली उत्पन्नाची कल्पना इथे लावली की उत्तर काहीही येऊ शकते, आणि ते कोणते यावे हे फॉर्म भरणारा ठरवतो.

तीच गोष्ट सातबाऱ्याची. कोपरगाव-राहात्यातल्या कालव्याखालची चार एकर आणि पारनेर-कर्जतच्या माळावरची चार एकर कागदावर सारखीच दिसते. साखर कारखानदारी आणि दुष्काळी माळ एकाच जिल्ह्यात नांदणाऱ्या या मुलखात जमिनीवरून माणसाची ऐपत ठरवणे म्हणजे पाऊस न पाहता पिकाचा अंदाज करणे. त्यातही जमीन बहुधा आजोबांच्या नावावर, खातेफोड झालेली नाही, आणि कुटुंब म्हणजे कोण याचे उत्तर शिधापत्रिका देते. म्हणून मग शिधापत्रिकाच विभक्त होतात. एकाच चुलीवर जेवणारी माणसे कागदावर तीन घरे करतात, कारण अट कुटुंबाला लावलेली असते.

हे केवळ आपल्याकडचे कौशल्य नाही. १९३१ मध्ये ब्रिटनने मंदीच्या काळात विम्याची मुदत संपलेल्या बेकारांना घरातल्या सर्वांच्या मिळकतीची अट घातली. तपासनीस घरी येत, कमावत्या मुलामुलींचे वेतन बापाच्या भत्त्यातून वजा होई. त्याचा परिणाम असा की कमावती मुले घर सोडून भाड्याच्या खोलीत राहू लागली. बेकारीने जी घरे मोडली नव्हती ती नियमाने मोडली. त्या अटीविषयी कामगारवर्गात इतका संताप साचला की १९४१ मध्ये महायुद्ध चालू असतानाच ती मोठ्या प्रमाणात मागे घ्यावी लागली. समृद्ध आणि कागदपत्रांत पक्क्या असलेल्या देशाला जे जमले नाही, ते सेतू केंद्रातल्या संगणकावर जमेल असे मानायला आधार नाही.

अमर्त्य सेन यांनी गरिबांना निवडून मदत देण्याच्या धोरणाची चिकित्सा करताना काही दोष दाखवले आहेत: माहिती लपवली जाते, माणसाचे वागणे अटीप्रमाणे वळते, घेणाऱ्यावर शिक्का बसतो, आणि तपासणीचा खर्च व छळ वाढतो. आपल्या तालुक्यात यांतला एकही दोष शोधायला लांब जावे लागत नाही. अलीकडच्या लाडकी बहीण योजनेने पाचवाही दाखवला. अडीच लाखांची मर्यादा होती, पण निवडणुकीआधी ती तपासण्याची घाई कोणालाच नव्हती. निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या नावानेही पैसे गेल्याचे समोर आले आणि लाखो नावे कमी करण्याची भाषा सुरू झाली. अट एकच, पण ती केव्हा ढिली करायची आणि केव्हा आवळायची हे सत्तेच्या हाती. ज्या हक्काला असा नळ बसवता येतो त्याला हक्क म्हणणे अवघड आहे.

आता पर्यायाकडे वळू. त्याचा उगम मुळीच सोज्वळ नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही प्रश्न हाच पडला होता: खरा भुकेला कोण हे कसे ओळखायचे? घरोघरी चौकशी करणे अशक्य, म्हणून त्यांनी कामालाच चाळणी केले. काम कष्टाचे, मजुरी जगण्यापुरती आणि ठिकाण घरापासून दूर. ज्याला दुसरा आधार आहे तो येणारच नाही, असा हिशेब. १८७६-७८ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून जाणाऱ्या दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त मजूर राबले. १८७७ च्या आरंभी इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने मुंबई इलाख्यातल्या कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीभोवती आणून ठेवली गेली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. भुकेल्या माणसांनी अपुऱ्या मजुरीचे काम नाकारणे ही फार मोठी गोष्ट होती, आणि चाळणी किती क्रूर होऊ शकते याचा तो पुरावाही होता.

१९७२ च्या दुष्काळात तीच चाळणी महाराष्ट्राने हाती घेतली, पण तिची दिशा बदलली. काम मागेल त्याला काम, आणि तेही शक्यतो जवळ. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. सुकडी आणि मिलो खाऊन ते वर्ष काढलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्यांना त्या काळाविषयी विचारले तर खडी फोडून हाताला आलेल्या घट्ट्यांविषयी सांगतील. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मारलेल्या हेलपाट्यांविषयी कोणी सांगणार नाही, कारण तो कोणी मागितलाच नव्हता. बागायतदारही त्या रांगेत उभे राहिले असतील, पण तो दोष त्यांचा नव्हता, विहिरी आटल्या होत्या. कागदाने त्यांना अपात्र ठरवले असते.

त्या वर्षांच्या अनुभवावर कायदा उभा राहिला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे या कल्पनेचा पाठपुरावा १९६० च्या दशकापासून करत होते. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा लहान प्रमाणावर प्रयोगही झाला होता. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैशाची सोयही कायद्याइतकीच विचारपूर्वक केली गेली. १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला, शहरातल्या पगारदारांनी तो भरायचा, आणि जमलेल्या करांइतकाच वाटा शासनाने आपल्या तिजोरीतून घालायचा. शहरी नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही महिन्याला २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० ची जी कपात दिसते, तिचे मूळ इथे आहे.

या कायद्यातली खरी क्रांतिकारक तरतूद मात्र कामाची नव्हती, काम न दिल्यास काय याची होती. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता. राज्याच्या कायद्यात तो दिवसाला किमान एक रुपया होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे मनरेगाने, तो पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातल्या ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत तो कायदा लागू झाला, त्यांत आपला नगर जिल्हा होता. ३१२ रुपयांच्या दराने हा भत्ता आधी ७८ आणि मग १५६ रुपये होतो.

या तरतुदीने प्रश्न कसा उलटवला ते पाहा. जगभरच्या अनेक बेकार भत्त्यांत अर्जदाराने सिद्ध करायचे असते की मी गरीब आहे, मी काम शोधतो आहे, मी आळशी नाही. इथे माणूस कष्टाचे काम मागतो, तिथेच त्याची परीक्षा संपते. पुढे सिद्ध करायचे ते सरकारने: आम्ही काम दिले, किंवा दिले नाही म्हणून भत्ता दिला. भत्त्यासाठीची पात्रता म्हणजे सरकारची नोंदलेली कसूर.

नेमके हेच कारभाराला पेलले नाही. भत्ता टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग काम देणे हा नसून मागणी न नोंदवणे हा आहे. काम मागण्याचा अर्ज म्हणजे नमुना ४. तो घेतला तर तारखेची पोच द्यावी लागते आणि पोच दिली की १५ दिवस मोजायला सुरुवात होते. म्हणून अर्ज ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला जातो, किंवा काम सुरू झाल्यावर मागच्या तारखा घालून भरला जातो. यात ग्रामरोजगार सेवकाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. केंद्रीय कायद्यात अकुशल मजुरी केंद्राने आणि भत्ता राज्याने द्यायचा होता, जेणेकरून राज्याने काम काढण्याची घाई करावी. प्रत्यक्षात दंडाच्या भीतीने गुन्ह्याची नोंदच बंद झाली. ज्या कचेरीला पैसे द्यावे लागतील तिच्याच हाती नोंदवही दिली की असेच व्हायचे.

याला जुना दाखलाही आहे. १९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुपटीने वाढल्यावर रोजगार हमीची मजुरीही वाढवावी लागली. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतरच्या आकड्यांचा अभ्यास करून दाखवले की मजुरी वाढल्यावर रोजगार आटला आणि काम मागणाऱ्या सर्वांना ते मिळेनासे झाले. उत्पन्नाची अट दारातून काढून टाकली होती, ती कामांच्या टंचाईच्या रूपाने खिडकीतून आत आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी जो नवा कायदा केला, त्यात दिवस १०० वरून १२५ झाले. पण राज्यागणिक निधी केंद्राने आधीच ठरवायचा, त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा, महाराष्ट्रासारख्या राज्याने एरवीही ४० टक्के भार उचलायचा, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवता यायची, अशी रचना आली. हमीचा खर्च मागणीवर न ठरता आधीच्या वाटपावर ठरू लागला, तर मागणी कमी दाखवण्याचे जुने कारण आता वरपासून खालपर्यंत सर्वांनाच मिळते.

काम मागण्याच्या कसोटीवर खरे आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की जो कष्ट करूच शकत नाही त्याला ही कसोटी निर्दयपणे वगळते. वृद्ध, दिव्यांग, बाळंतीण, क्षयरोगी यांना खडी फोडायला लावून त्यांची गरज तपासायची काय? अर्थातच नाही. पण त्यासाठी उत्पन्न मोजायची गरज नसते. वय, वैधव्य, अपंगत्व, आजार या गोष्टी गावाला दिसतात, रुग्णालयात नोंदलेल्या असतात आणि उत्पन्नापेक्षा कितीतरी कमी लपवता येतात. ज्याची गरज अशी दिसते त्याला अनुदान द्यावे आणि २१,००० ची रेघ पुसून टाकावी. पुसायची नसेल तर किमान ती रोजगार हमीच्या दराशी बांधावी, म्हणजे मजुरी वाढली की ती आपोआप वर सरकेल आणि मुलाच्या कष्टाची शिक्षा आईला होणार नाही.

दुसरा आक्षेप सुशिक्षित बेकारांचा. पदवी घेऊन सहा वर्षे स्पर्धा परीक्षा देणारा शेवगावचा मुलगा पाझर तलावावर जाणार नाही, आणि गेला नाही म्हणून तो बेकार नाही असेही नाही. हे मान्यच करावे लागेल. त्याच्यासाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, शिक्षणाप्रमाणे ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन देऊन. तीही कामाशीच जोडलेली होती, पण मुदतीची. मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते. रोजगार हमीतून या वर्गाने शिकण्यासारखे आहे ते कष्टाच्या कामाचे बंधन नव्हे, तारखेची पोच मिळण्याचा हक्क आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि बोगसगिरीचा. हजेरीपत्रकावर मेलेल्यांची नावे, मजुरांच्या नावावर जेसीबीने उरकलेली कामे, हे आपल्याकडे झालेच नाही असे कोणी म्हणणार नाही. पण हे घोटाळे मजुराने केलेले नसतात, ठेकेदाराने आणि मोजमाप लिहिणाऱ्याने केलेले असतात. उत्पन्नाची अट कडक केल्याने जेसीबी थांबत नाही. सधनाने फायदा लाटू नये असे वाटत असेल, तर त्यासाठी कर आहेत. देताना प्रत्येकाला तपासण्यापेक्षा घेताना ऐपतीप्रमाणे घेणे सोपे असते, आणि व्यवसाय कराने ते एकदा करून दाखवले आहे.

हमी खरोखर पाळली तर मागणी कायम वाढत जाते, ही भीतीही तपासून पाहावी. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यानंतरच्या वर्षांत डोंगरउतारावरचे चर आणि जलसंधारणाची इतर कामे करताना गावाने रोजगार हमीचाही उपयोग केला. पाणी अडले, जमीन भिजली, बाहेर गेलेली कुटुंबे परतली. कामाची गरज तिथे कमी झाली ती माणसे छाननीत अपात्र ठरल्यामुळे नव्हे. बेकारांची संख्या घटवण्याचे दोन मार्ग आहेत, आणि दाखल्यांचा मार्ग फक्त कागदावरची संख्या घटवतो.

करायचे काय, हे म्हणूनच फार अवघड नाही. काम मागणीची नोंद काम देणाऱ्या यंत्रणेच्या हातून काढून घ्यावी. मजुराने टपाल कार्यालयात किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज द्यावा, पोच तिथल्या तिथे मिळावी, आणि पंधरा दिवसांत हजेरीपत्रक निघाले नाही तर भत्ता न मागता खात्यावर जमा व्हावा. संगणकाला उत्पन्न तपासता येत नाही, पण पंधरा दिवस मोजता येतात. किती मागण्या आल्या, किती दिवसांत काम दिले आणि किती भत्ता थकला, याची गावनिहाय यादी दर तिमाहीला ग्रामसभेत वाचून दाखवावी. आज तिथे लाभार्थ्यांची यादी वाचली जाते, म्हणजे गरिबांची हजेरी घेतली जाते. सरकारचीही घेतली जावी.

व्यवसाय कर भरणाऱ्या वाचकाचा या मागणीशी थेट संबंध आहे. आपला पैसा अपात्र माणसाला तर जात नाही ना, ही शंका तो सहज घेतो, आणि त्या शंकेवरच दाखल्यांचा सगळा डोलारा उभा आहे. त्याने विचारायचा प्रश्न दुसरा आहे. ज्या हमीसाठी हा कर बसवला, ती मोडल्याबद्दल माझ्या जिल्ह्यात यंदा किती जणांना भत्ता मिळाला? उत्तर शून्य असेल तर त्याचे दोनच अर्थ होतात. मागेल त्या प्रत्येकाला काम मिळाले, किंवा कोणाचे मागणे लिहूनच घेतले नाही. यांतले कोणते खरे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर गोळा करणाऱ्यावर आहे, काम मागणाऱ्यावर नाही.